सतरावं नाव

१४ ऑक्टोबर, शनिवार

फोनवर संदेश आला — तुमच्या खात्यावर तात्पुरती मर्यादा घातली आहे. तीनदा वाचला. 'मर्यादा' या शब्दाचा इंग्रजी शब्द मला येतो, तरी शब्दकोशात पाहिला. पैसे दिसतात. आकडा जागच्या जागी आहे. पण पैसे पाठवायचं बटण राखाडी झालंय, काढायचंही.

ते पैसे माझे नाहीत. पंधरा बायकांचे आहेत. अकरा महिने त्यांनी केतकीची पानं उकळली, समुद्रात भिजवली, वाळवली, विणली. सप्टेंबरच्या बोटीनं सगळ्या चटया ऑकलंडला जाऊन राहिलेल्या आपल्याच बेटाच्या बायकांना गेल्या. दरवेळी त्या बायका इथे येतात. सभागृहात एकीकडे चटया मांडायच्या, समोर त्यांनी पैसे मांडायचे, मग नाच, रडणं, जेवण. यंदा विमान परवडत नाही म्हणाल्या. आत्या तयार नव्हती. "माल आधी गेला असं आपल्याकडे कधी झालं नाही," म्हणाली. तेव्हा मीच म्हणालो, आत्या, फोनवर एका मिनिटात येतात.

मीच म्हणालो.

अजून कुणाला सांगितलेलं नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

चर्च. रविवारी आमच्याकडे दुकान नाही, काम नाही, आणि आत्याच्या घरात फोनही नाही. पेटीत बंद ठेवला. उत्तर बाहत्तर तासांत द्या असं लिहिलंय. त्यातले चोवीस आज असेच गेले.

१६ ऑक्टोबर, सोमवार

आत्याला सांगितलं. विणत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "कुणी थांबवले?"

"कंपनीनं."

"कंपनी म्हणजे कोण? नाव काय त्याचं? कुणाचा मुलगा?"

मी फोन तिच्यापुढे धरला.

कंपनीनं एक फॉर्म पाठवलाय. या खात्याशी संबंधित सर्व व्यक्ती — पूर्ण नाव, तुमच्याशी नातं, पत्ता, फोन. मी म्हटलं, ज्यांचे पैसे आहेत त्या पंधरा जणींची लिहितो. आत्यानं मान हलवली. "संबंधित सर्व, असं विचारलंय ना? मग सर्व लिही. मागच्या वर्षी आजोबांच्या मयताला वाचलेल्या यादीत एक नाव राहिलं, तर आठ महिने बोलत नव्हते लोक. एकालाही वगळायचं नाही. त्यांनाही कळू दे आपण किती जण आहोत ते."

वडिलांच्या बहिणीचा शब्द मोडायचा नसतो. आणि खरं लिहायचं तर मलाही तेच बरोबर वाटलं. पुढे काय आहे हे मला माहीत नाही, एवढंच इथे लिहून ठेवतो.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

यादी झाली. त्रेपन्न नावं. आधी वहीत पेन्सिलीनं, मग पेनानं, मग फोनवर. क्रम मानाप्रमाणे लावला — सगळ्यात वर आत्याची मुलं, नातवंडं, मग माझी थोरली बहीण लुपे ताई, मग बाकीचे. जेवणावळीत डुकराचे तुकडे वाटतात त्याच क्रमानं. एकही अक्षर चुकलेलं नाही. चौथीपर्यंत मास्तर माझी वही सगळ्या वर्गाला दाखवायचे. पुढे शाळा सुटली, अक्षर राहिलं.

ताई सतराव्या क्रमांकावर आली.

दुपारी पाठवली. 'धन्यवाद' असं आलं. मन हलकं झालं.

१९ ऑक्टोबर

कंपनीचा प्रश्न — "आपण चार व्यक्तींचं नातं 'आई' असं लिहिलं आहे. कृपया खुलासा करावा."

खुलासा केला — बरोबर आहे, चारच. जन्म दिलेली आई आणि तिच्या तीन बहिणी, आमच्याकडे मावशीलाही आईच म्हणतात. पाचवी होती, ती वारली.

२१ ऑक्टोबर, शनिवार

बायकांना कळलंच. सेलूकाकू — पंधरा जणींत सगळ्यात जलद विणणारी, आणि जीभ हातापेक्षाही जलद — कुंपणावरूनच ओरडली, "काय रे किलिफी, तुझ्या फोनच्या पोटात आमच्या चटया अडकल्या म्हणे. एरंडेल पाज की त्याला."

सगळ्या हसल्या. आत्याही हसली. मीही हसलो. नंतर सेलूकाकू जवळ आली, हळू म्हणाली, "तुझ्या आत्याच्या शब्दावर दिल्या आम्ही. तुझ्या फोनवर नाही दिल्या. ध्यानात ठेव."

ध्यानात आहे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

ऑकलंडहून फिनेचा, माझ्या आतेबहिणीचा, आत्याला फोन. दुकानात वाणसामान भरलं आणि गल्ल्यावर कार्ड चाललं नाही. तिचा पगार याच कंपनीच्या खात्यात येतो. बहुतेकांचा येतो, तिकडून इकडे पाठवायला तेच स्वस्त पडतं. "गाडा तसाच सोडून आले आई, मागे सगळी रांग बघत होती." खात्यावर तात्पुरती मर्यादा.

आत्या म्हणाली, "साथ आलीय वाटतं."

२७ ऑक्टोबर

फिनेच्या नवऱ्याचं बंद झालं. तो टॅक्सी चालवतो. पेट्रोलला पैसे नाहीत, टॅक्सी दारात उभी.

३० ऑक्टोबर

फिनेच्या थोरल्या मुलाचं.

१ नोव्हेंबर, बुधवार

तिच्या मधल्या मुलीचं. पोरगी नर्सिंग शिकते.

काहीतरी खुपत होतं, कळत नव्हतं. आज यादीची वही काढली. एक, फिने. दोन, तिचा नवरा. तीन, थोरला. चार, मधली.

वही बंद केली. परत उघडली. क्रम तोच होता.

२ नोव्हेंबर

पाच.

३ नोव्हेंबर

सहा आणि सात. सात हा अर्ध्या जगापलीकडे, सॉल्ट लेकला असतो, फिनेची आणि त्याची गाठ पडून दहा वर्षं झाली. त्या दोघांत सारखं काय, तर माझी यादी.

तिथे कुणीतरी बसलंय. माणूस आहे की यंत्र, ठाऊक नाही. पण माझ्यासारखंच नीट काम करतंय. वरून खाली, एक एक नाव, कुणाला न वगळता.

आत्याला सांगितलं नाही. ती दिवसभर फोनवर लेकीची समजूत घालते. "कुणी नाव घातलं आमचं?" असं फिने विचारते. आवाज फोनबाहेर येतो. मी बाहेर जाऊन रताळ्याचे वेल खुडत बसलो, गरज नव्हती तरी.

५ नोव्हेंबर, रविवार

प्रवचन चालू होतं आणि मी मोजत होतो. कंपनीला रविवार नसतो. घरी आलो तर आत्याच्या धाकट्या मुलाचा निरोप आलेला — आठ.

६ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीला लिहिलं — मी दिलेली यादी कृपया परत घ्यावी. यात नमूद लोकांचा पैशांशी काही संबंध नाही, ते फक्त नातेवाईक आहेत.

लगेच उत्तर — "अधिक माहिती दिल्याबद्दल धन्यवाद. ती आपल्या प्रकरणास जोडण्यात आली आहे."

नऊ. दहा.

७ नोव्हेंबर, मंगळवार

आज अकरा. या वेगानं सतरा सोमवारच्या आसपास येईल.

ताईबद्दल इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहू शकत नाही. ताई ऑस्ट्रेलियात आहे, मिल्ड्यूराजवळ संत्र्यांच्या शेडमध्ये. तिला दिवस गेलेत. नवरा नाही. हे मला कुणी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, भावाच्या कानावर बहिणीच्या अशा गोष्टी घालायच्या नसतात. मी बारा वर्षांचा झालो तेव्हापासून वेगळ्या खोपटात झोपतो. ताई असेल त्या खोलीत मी बसत नाही. ती तिकडे गेल्यापासून चार वर्षांत आम्ही एकदाही थेट बोललेलो नाही. निरोप आत्याकडून जातो, आत्याकडून येतो.

तरी मला सगळं माहीत आहे. कारण आत्या हंड्याशी बोलते. मी चुलीपाशी असलो की हंड्यात ढवळत म्हणते, "ऐकलंस का हंड्या, सातवा संपत आला. महिनाअखेरनंतर विमानवाले पोरीला घेणार नाहीत." किंवा, "शेवटचा पगार सतरा तारखेला होईल म्हणते, मग तिकीट काढेल. इथेच होऊ दे बाळ, माझ्या हातात." म्हणजे मला ऐकू यावं, पण मला सांगितलं असं होऊ नये.

ताईचे सगळे पैसे त्याच खात्यात आहेत. तिकिटाचेसुद्धा.

तिनं ते आजच काढून घ्यायला हवेत. एवढंच सांगायचंय. पण मी फोन कसा करू? कशासाठी पैसे हवेत ते मला माहीत नाही, असं आहे. आणि आत्याकडून सांगावं तर ती विचारणार, तुला कसं कळलं आता तिचा नंबर ते.

८ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी एक युक्ती सुचली. दिवसभर डोक्यात घोळवली. चार वाजता केली.

कंपनीच्या फॉर्मखाली 'माहितीत दुरुस्ती' असं एक बटण आहे. तिथे लिहिलं — क्रमांक १७ चुकून लिहिला गेला. ही व्यक्ती माझी बहीण नाही. माझी तिच्याशी ओळख नाही.

अक्षरं तपासली. बरोबर होती.

९ नोव्हेंबर

"आपली दुरुस्ती मिळाली." झालं. सोळानंतर अठरा. ताई वाचली.

पोटभर जेवलो. आत्यानं केळीच्या पानात बांधून अळूच्या पानांत डबाबंद मांस शिजवलं होतं. हंडा आज गप्प होता.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

हंडा बोलला.

"पोरीचं कार्ड सकाळपासून चालत नाही रे हंड्या. शेडमधल्या बाईकडून पाव मागून खाल्ला म्हणे."

बारा चालू आहे. तेरा चालू आहे. सोळापर्यंत सगळे चालू आहेत, मी एकेकाला काहीतरी निमित्त काढून विचारून पाहिलं. फक्त सतरा. रांग मोडून सतरा.

मी खोडाखोड केली म्हणून त्यांनी तिथेच बोट ठेवलं.

११ नोव्हेंबर, शनिवार

आत्याला सगळं सांगितलं. यादी, क्रम, दुरुस्ती. वही समोर ठेवली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण नावं वाचता येतात. बोट वरून खाली नेलं. स्वतःच्या लेकरांवरून, नातवंडांवरून. सतरावर थांबली. तिथे मी एक आडवी रेघ मारली होती, पट्टी लावून.

"ही रेघ?"

सांगितलं.

बोट रेघेवरून उचललं. मग — "पैसे अडकले ते सुटतील नाहीतर बुडतील. फिने चिडली, ती निवळेल. सगळ्यांना लिही म्हणाले ते मी म्हणाले, ते माझ्या डोक्यावर. पण तू बहिणीला परकी लिहिलंस?"

"तिला वाचवायला, आत्या."

"लिहिलंस की नाही?"

"लिहिलं."

वही मिटून माझ्याकडे सरकवली. "हे तिला मी सांगणार नाही. हंड्यालाही नाही. तू सांग. स्वतः."

१२ नोव्हेंबर, रविवार

फोन पेटीत. एक दिवस मिळाला. असा दिवस मिळाल्याचा आनंद व्हावा, याची लाज वाटते.

१३ नोव्हेंबर, सोमवार

शेडची जेवणाची सुट्टी साडेबाराला. आपले अडीच. माळावर गेलो, तिथे रेंज चांगली मिळते. सेलूकाकूचं डुक्कर मागे मागे आलं. तीन वेळा नंबर लावला आणि तोडला. चौथ्यांदा तिनंच उचलला.

"कोण?"

"मी. किलिफी."

मग अगदी हळू — "आत्या गेली का?"

मी थेट फोन करायला एवढंच कारण असू शकतं असं तिला वाटलं. "नाही, नाही, बरी आहे. कमरेचं तेवढं." मागे पट्ट्यावरून संत्री घरंगळल्याचा आवाज येत होता. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. एकदम म्हणालो, "ताई, तुझं खातं माझ्यामुळे बंद झालं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनी लिहिलंय. ज्यानं तुम्हाला बहीण म्हटलं होतं, तोच आता ओळखत नाही म्हणतो, खुलासा करा."

"मी ते—"

"राहू दे. कळलं मला. भावाला लाज वाटणारच. मी तर म्हटलं, बरं, उशिरा का होईना, कुणीतरी तोंडानं बोललं."

मी नाही नाही म्हणत राहिलो. यादी, क्रम, सोळा, अठरा — सगळं उलटसुलट सांगितलं. माझ्या कानालाच ते खोटं वाटत होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला लहानपणी काटा रुतला की तू आधी वहीत लिहायचास, कुठे रुतला, किती वाजता. मग रडायचास." हसली की काय, कळलं नाही.

"त्यांना खरं लिही ताई," मी म्हणालो. "मी तुझा भाऊ आहे असं लिही."

"बघते. भोंगा वाजला."

डुक्कर तिथेच लोळत होतं. पाऊस नाही, वारा नाही, समुद्र पत्र्यासारखा. म्हातारे म्हणतात, वादळाआधी असाच असतो.

१४ नोव्हेंबर

मीही कंपनीला लिहिलं — आधीची दुरुस्ती खोटी होती. क्रमांक १७ माझी सख्खी बहीण आहे.

"या क्रमांकासाठी दुरुस्तीची संधी एकदाच मिळते."

१६ नोव्हेंबर, गुरुवार

आत्यानं पेटी उघडली. फोनची नाही, तिची स्वतःची.

त्या पेटीत काय आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. तिच्या आजीनं विणलेली चटई, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसं. आत्याला पुरताना तिच्याभोवती गुंडाळायची. तीस वर्षं दर पावसाळ्यानंतर ऊन दाखवून परत ठेवते.

दुपारी ती चटई घेऊन नेयाफूला, बेटावरच्या बाजारगावात गेली, तिथल्या मोठ्या दुकानदारिणीकडे. मी बरोबर चालत होतो, मला उचलू दिली नाही. येताना हातात चटई नव्हती, छापील तिकीट होतं. लुपे, सिडनीहून, सोमवार, सत्तावीस नोव्हेंबर. ताईच्या नावातली अक्षरं मी तिथेच तपासली. दुकानदारीण म्हणाली, "पैसे फोनवरून देता का?"

आत्या म्हणाली, "नाही."

१७ नोव्हेंबर

सेलूकाकूला कळलं. कुंपणावरून थट्टा नाही आज. आत येऊन आत्याच्या शेजारी बसली, पानं सोलायला घेतली. म्हणाली, "मरायची घाई नको करूस आता. तुझ्यासाठी नवीन विणायला मला दोन वर्षं लागतील."

माझ्याकडे पाहिलं नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

तिकीट ताईला पोचलं. आत्यानं विचारलं, येतेस ना? ती नुसतं "बरं" म्हणाली. आत्यानं हे हंड्याला सांगितलं नाही. माझ्याकडे बघून, मला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

बारा ते सोळा अजून चालू आहेत. रोज विचारतो. त्या सतराव्या नावापाशीच कुणीतरी बसून राहिलंय.

२२ नोव्हेंबर

घर सारवल्यासारखं स्वच्छ झालंय. आत्यानं बाळासाठी जुनं तलम कापड धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलं. मी माझ्या खोपटाचं दार नीट केलं. ताई आली की मी घरात पाय ठेवणार नाही, अंगणातूनच जेवण घेईन, नेहमीसारखं. ही नेहमीसारखी गोष्ट परत करायला मिळावी असं फार वाटतं.

२३ नोव्हेंबर

ताईला फोन लावला. वाजला. उचलला नाही.

२४ नोव्हेंबर

पाच वेळा.

२५ नोव्हेंबर, शनिवार

माझं खातं मोकळं झालं. बायकांचे सगळे पैसे आहेत, बटण हिरवं आहे. कंपनीनं कारण दिलंय, ते जसंच्या तसं उतरवतो — "क्रमांक १७ यांनीही आपल्याशी कोणतंही नातं नसल्याचं लिहून दिलं आहे. दोन्ही उत्तरं जुळली."